काळ्या आकाशाचा आरसा होतो

सोफ्यामागच्या भिंतीवर ३६ × २४ इंचांचे दोन कृष्णधवल फोटो लावायचेत, एकात काळ्या आकाशासमोरची उंच इमारत, दुसऱ्यात गोल जिना. समोर मोठी खिडकी आहे, तर कागद मॅट की ग्लॉसी आणि फ्रेम काळी की पांढरी, असं तुम्ही विचारलंय. फ्रेमचा रंग शेवटी बघू. खरी अडचण त्या खिडकीची आहे.

फोटोतला भाग जितका गडद, तितका तो साध्या काचेमागे आरशासारखा वागतो. मी असंच एक काळं आकाश हौसेनं लावलं होतं. दिवसभर त्यात पडदे आणि आमचीच डोकी दिसायची! शेवटी ते बाजूच्या भिंतीवर गेलं. तेव्हा इमारतीचा फोटो खिडकीसमोर नको. जिना चालेल, तोही उजळ करड्या छटांचा असेल तर. ब्रिटिश छायाचित्रकार फ्रेडरिक एव्हन्स यांनी १९०३ मध्ये टिपलेल्या, इंग्लंडमधल्या वेल्स कॅथेड्रलच्या पायऱ्या बघा. दगडाचा झिजलेपणा सगळा मधल्या करड्या छटांत आहे. असा फोटो खिडकीच्या उजेडातही नीट दिसतो. जागा बदलायचीच नसेल, तर परावर्तन कमी करणारी काच घ्या. महाग पडते, पण इथे पैसे तिच्यावरच घालवावेत.

कागद मॅट. त्यावर काळा रंग किंचित फिका उतरतो, ते चालवून घ्या. मोठी प्रिंट काढण्याआधी छोटी काढून दिवसा आणि रात्री दिव्याखाली पाहा. रंगीत शाईतून छापलेल्या करड्यात कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते आणि ती दिव्यानुसार बदलते.

२४ मेगापिक्सेलची फाइल या मापाला पुरते, इंचाला साधारण १६७ पिक्सेल मिळतात. दोन पावलं मागून बघणाऱ्याला काही कळत नाही.

कलंडलेली रेघ मात्र लगेच कळते. ३६ इंचांवर एक अंशाचा कल म्हणजे दीड सेंटिमीटरहून जास्त फरक, आणि शेजारी फ्रेमची सरळ कड चुगली करायला बसलेलीच असते. इमारतीच्या उभ्या रेषा छापण्याआधीच सरळ करून घ्या. फोटो मुद्दाम खालून वर बघत काढला असेल, तर त्या वर निमुळत्या होऊ द्या, अर्धवट सुधारू नका.

माउंट, म्हणजे फ्रेमच्या आत फोटोभोवती येणारी पुठ्ठ्याची चौकट, आम्लरहित घ्या. माउंटच्या जाडीमुळे काच प्रिंटला चिकटतही नाही.

हो, फ्रेम. बारीक काळी.