स्पीकरमधली घूं आणि भिंतीतली वायर

या वेळच्या पत्रांत ‘ॲम्प्लिफायर कोणता घेऊ’ असं कुणीच विचारलेलं नाही. सगळ्यांची तक्रार ॲम्प्लिफायरच्या मागे, भिंतीत आहे. मला ते बरं वाटलं, कारण भिंतीतलं दुखणं बहुतेक वेळा स्वस्तात बरं होतं.

फ्लॅटचं नूतनीकरण काढलंय, भिंती फोडलेल्याच आहेत. म्युझिक सिस्टिमसाठी डीबीपासून (जिथून घरभर लाईनी निघतात त्या पेटीपासून) स्वतंत्र लाईन घ्यायची आहे. वायरमन म्हणतो, दीड स्क्वेअर एमएमची वायर पुरे. नेटवर लोक सहा स्क्वेअर एमएमपर्यंत जातात. खरं काय? ८० वॅटचा ॲम्प्लिफायर, टर्नटेबल, स्ट्रीमर आणि सबवूफर आहे. (कोथरूड)

आधी हिशेब करू. तुमचं सगळं सामान पूर्ण आवाजात वाजलं तरी अडीच-तीन अँपिअरच्या वर खेचणार नाही. डीबीपासून हॉल १५ मीटर धरला, तर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) मिळून ३० मीटर तांबं झालं. तीन अँपिअरला दीडच्या वायरीत साधारण १.१ व्होल्ट पडतात, चारच्या वायरीत ०.४. म्हणजे २३० मधून पाऊण व्होल्टचा फरक. तो कानाला कळतो असं सांगणाऱ्याला मी चहा पाजतो, पण वाद घालत नाही.

मग स्वतंत्र लाईन घ्यायची कशाला? जाडीसाठी नाही, स्वतंत्रपणासाठी. तिच्यावर फ्रिज नको, पंखा नको, वॉशिंग मशीन नको. वाटेत सांधा नको. आणि मुख्य म्हणजे न्यूट्रल तिचा स्वतःचा हवा. इथेच निम्मी कामं फसतात.

एका घरी मला बोलावलं होतं. लाईन स्वतंत्र, वायर उत्तम कंपनीची, एमसीबीवर, म्हणजे त्या लाईनच्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर, मार्करनं ‘म्युझिक’ लिहिलेलं. तरी एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की रेकॉर्डच्या शांत जागेत किर्रर्र. डीबीचं झाकण काढलं आणि नुसत्या वायरी मोजल्या. लाल (फेज) आठ, काळ्या (न्यूट्रल) सात. वायरमननं फेज डीबीपासून इमानेइतबारे वेगळा आणला होता, आणि न्यूट्रल मात्र हॉलमधल्या एसीच्या पॉइंटमधून उचलला होता. पंधरा मीटर काळी वायर वाचली! एसीचा सगळा करंट ज्या तारेतून परत जातो, तिच्यावरच फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्डच्या सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, बसवलेला. मग शांतता कुठून येणार?

तेव्हा प्लास्टर व्हायच्या आत स्वतः उभं राहून मोजा. आणखी एक चाचणी आहे. सिस्टिम चालू ठेवून डीबीपाशी त्या लाईनची लाल आणि काळी दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात धरायला सांगा. आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर करंट जातो एका वाटेनं आणि येतो भलत्याच वाटेनं. फेज आरसीसीबीमधून (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचमधून) आलेला आणि न्यूट्रल त्याच्या बाहेरून असा उसना घेतलेला असेल, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सारखा पडतो आणि लोक वैतागून तोच काढून टाकतात. असलं काही करू नका.

बाकीचं पटकन सांगतो. वायर २.५ घ्या, भिंत फुटलेलीच आहे, तर ४ घेतली तरी पैशात फार फरक नाही. सहाची वायर सॉकेटच्या टर्मिनलमध्ये नीट बसत नाही, आणि अर्धवट बसलेली जाड वायर ही पक्क्या बसलेल्या बारीक वायरीपेक्षा वाईट. एमसीबी १६ अँपिअरचा, सी कर्व्हचा, म्हणजे क्षणिक झटका जास्त सोसणारा घ्या. ॲम्प्लिफायरमधला मोठा टोरॉइडल (कडीसारखा गोल) ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतो, त्यानं बी कर्व्हचा कधीकधी उगाच पडतो. चार सॉकेट एकाच बोर्डात घ्या, म्हणजे सगळ्यांचं अर्थिंग एका जागी भेटेल. घरात थ्री-फेज असेल तर सगळी सिस्टिम एकाच फेजवर हवी. स्पीकरची आणि सिग्नलची वायर विजेच्या पाइपात घालू नका. शेजारून न्यायचीच असेल तर फूटभर अंतर ठेवा, आणि ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा.

टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स ॲम्प्लिफायरला जोडला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. दुकानदारानं ॲम्प्लिफायरच्या टॉपची मोठी पिन काढून दिली. आवाज गेला. असंच ठेवू का? (डोंबिवली)

नाही. हे वाचून झालं की उठा आणि नवीन थ्री-पिन टॉप बसवा. ती मोठी पिन अर्थिंगची. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एक दिवस गेलं, तर ॲम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीवर २३० व्होल्ट येतात आणि ते जमिनीत जायला वाट उरते ती फक्त तुमच्या हाताची.

आवाज का गेला, ते सांगतो. तुमचा ॲम्प्लिफायर घराच्या अर्थिंगला जोडलेला आहे. केबलवाल्याची कोॲक्स वायर बाहेर कुठेतरी, कदाचित शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर, दुसऱ्याच अर्थिंगला टेकलेली आहे. दोन अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. तुम्ही बॉक्स जोडलात आणि दोन्ही टोकं ऑडिओ केबलच्या जाळीतून एकमेकांना मिळाली. त्या जाळीतून ५० हर्ट्‌झचा करंट फिरतो, तोच तुम्ही ऐकताय. पिन काढून वर्तुळ तुटलं खरं, पण चुकीच्या जागी.

खात्री करायला बॉक्सच्या मागची कोॲक्स वायर आटे फिरवून काढा. घूं थांबली तर चोर सापडला. मग कोॲक्ससाठी मिळणारा गॅल्व्हानिक आयसोलेटर मध्ये घाला; तो सिग्नल जाऊ देतो, पण अर्थिंगची जोडणी तोडतो. किंवा टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोन्हींना ऑप्टिकलची सोय असेल तर ती केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, करंट जाऊच शकत नाही. लॅपटॉप चार्जरला लावला की अशीच भुणभुण येते, त्याचीही जात बहुधा हीच.

पंखा दोनवर किंवा तीनवर असला की स्पीकरमधून चरचर येते, पाचवर असला की येत नाही. (नाशिक)

रेग्युलेटर बदला. तुमचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ट्रायॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालतो. तो विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा पाडतो, सेकंदाला शंभर वेळा, आणि त्या तुकड्यांच्या धारदार कडा वायरिंगभर पसरतात. पाचवर तो जवळजवळ काहीच कापत नाही, म्हणून शांत. त्याऐवजी टप्प्याटप्प्यानं फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवा. काहीशे रुपयांचं काम आहे. आपल्या लहानपणी भिंतीवर डब्याएवढा, हात लावला की गरम लागणारा रेग्युलेटर असायचा. वीज जाळायचा, पण रेडिओला त्रास द्यायचा नाही.

गावाकडे व्होल्टेज दिवसा १९० पर्यंत उतरतं, मध्यरात्री शेतीपंप बंद झाले की २५५ होतं. हौसेनं व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारखा काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर घेतलाय. टीव्हीचा स्टॅबिलायझर लावला तर चालेल का? (सांगली जिल्हा)

व्हॉल्व्हवाल्याला हा प्रश्न पडायलाच हवा. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर असल्या चढउताराकडे पुष्कळदा काणाडोळा करतो. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला मात्र ६.३ व्होल्ट लागतात, इकडे-तिकडे साधारण दहा टक्के चालतात. तुमच्या २५५ ला ते ७ च्या घरात जातात, १९० ला ५.२ वर येतात. पहिल्यात व्हॉल्व्हचं आयुष्य जळतं, दुसऱ्यात आवाजाला जीव राहत नाही. मागचं लेबलही बघा. तिथे २२० लिहिलेलं असेल आणि ट्रान्सफॉर्मरवर २३० किंवा २४० चा टॅप (वेगळी जोडणी) उपलब्ध असेल, तर जाणकाराकडून आधी तो बदलून घ्या.

टीव्हीचा स्टॅबिलायझर रिलेवर चालतो. ‘टक्‌’ असा आवाज करून तो एकदम पंधरा-वीस व्होल्टची उडी मारतो. फ्रिजला ते कळत नाही; ऐन आलापीत मात्र तुम्हाला कळेल. सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या. त्यात छोटी मोटर कार्बनचा ब्रश गुंडाळीवरून हळूहळू सरकवते, त्यामुळे उडी नसते. तुमच्या ॲम्प्लिफायरला एक केव्हीए भरपूर झाला. तो स्वतः गुणगुणतो, तेव्हा ऐकायच्या खोलीत न ठेवता पडवीत किंवा जिन्याखाली ठेवा. वर्षातून एकदा उघडून ब्रशची काजळी साफ करून घ्या. जास्त व्होल्टेजला तोडणारा कटऑफ त्यात आहे ना, हे विकत घेताना विचाराच.

ॲम्प्लिफायरपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट. एका खोलीतला दिवा अचानक प्रखर आणि दुसरीतला मंद झाला, तर कारण शोधत बसू नका, आधी मेन स्विच पाडा. थ्री-फेज पुरवठ्याचा न्यूट्रल कुठेतरी सुटलाय. अशा वेळी एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज येतं आणि घरातली निम्मी उपकरणं मिनिटभरात खलास होतात.

आमच्याकडे जांभा दगड. उन्हाळ्यात अर्थिंग टेस्टरला धड दाखवत नाही. एक जण म्हणाला, सिस्टिमसाठी अंगणात वेगळा रॉड ठोका, ‘ऑडिओ अर्थ’ म्हणून. (रत्नागिरी)

जांभ्याचा त्रास खरा आहे. पावसाळ्यात ओल टिकते तोवर ठीक, एप्रिल-मेमध्ये खडक कोरडा पडला की अर्थिंगचा विरोध चढतो. देशावरची काळी माती ओल धरून ठेवते, पण तीही उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या पुरलेल्या प्लेटपासून सुटतेच. इलाज जुनाच. खड्डा खोल घ्या, कोळसा-मीठ किंवा हल्ली मिळणारी अर्थिंगची पावडर भरा, वरच्या पाइपात उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. न्हाणीघराच्या किंवा विहिरीच्या पाटाजवळ जागा मिळाली तर उत्तम. टेस्टरवर विसंबू नका. मल्टिमीटरनं सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघा. घरात नेहमीचा लोड चालू असताना तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अर्थिंगचा विरोध मात्र अर्थ मेगर (तो मोजायचं खास मीटर) आणूनच मोजून घ्या.

वेगळा रॉड ठोकायला हरकत नाही, पण तो घराच्या मुख्य अर्थिंगला जाड तांब्यानं जोडलेलाच हवा. नुसता वेगळा ठेवलात तर घरात दोन जमिनी होतील. फॉल्ट झाला तर त्या जांभ्यातून एमसीबी पाडण्याइतका करंट वाहणार नाही. जवळ वीज पडली तर दोन रॉडमध्ये हजारो व्होल्टचा फरक येईल आणि तो तुमच्या ॲम्प्लिफायरच्या आतून मिटेल. वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायला लागलं की टॉप ओढून काढायचे, डिशची वायरसुद्धा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. स्विचमधली फट मिलिमीटरांत असते आणि वीज ढगापासून आलेली असते.

चाळीस हजारांची पॉवर कॉर्ड लावली, फरक मला स्पष्ट ऐकू आला. मित्र हसतात. (मुंबई)

फरक कदाचित खराही असेल. जुनी कॉर्ड सॉकेटमध्ये किती वर्षं तशीच होती? टॉप काढून पुन्हा घातला की पिनांवरचा काळपटपणा घासला जातो आणि संपर्क सुधारतो. सॉकेटची पट्टी ढिली असेल तर नवा जाड टॉप तिथे घट्ट बसतो. जुनी कॉर्ड तशीच घासूनपुसून लावा आणि कोणती लावली आहे ते बायकोला गुपचूप ठरवू द्या, मग ऐका. आणि जुन्या इमारतीत राहत असाल तर ते सॉकेट आधी उघडून घ्या. आत स्क्रू सैल होऊन वायरीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं मी इतक्यांदा पाहिलंय की मोजणं सोडलं. अशा सॉकेटवर चाळीस हजारांची कॉर्ड म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

न्यू जर्सीतून परत आलो. तिकडचा ॲम्प्लिफायर आणि जुना बेल्टवाला टर्नटेबल आणलाय. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही चालतात, पण रेकॉर्ड रडल्यासारख्या वाजतात. (ठाणे)

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे वीज ६० हर्ट्‌झची, इथे ५० ची. ॲम्प्लिफायरच्या लेबलवर ५०/६० लिहिलेलं असेल तर तो निर्धास्त वापरा. नुसतं ६० असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापेल. तासाभरानं हात लावून बघा. स्टेप-डाउन घेताना दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, आयसोलेशनवाला घ्या, आणि त्याचं अर्थिंग पुढे ॲम्प्लिफायरपर्यंत पोचतंय ना, ते पाहा.

तुमच्या टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस असणार. ती फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते, म्हणून ३३⅓ ऐवजी मिनिटाला २७.८ फेरे होतात. उपाय दोन. त्या मॉडेलची ५० हर्ट्‌झची पुली शोधा, ती व्यासानं थोडी मोठी असते. नाहीतर ६० हर्ट्‌झ तयार करून मोटरला पुरवणारा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर घ्या. तोवर वाजवायची पेटी काढून ताडून बघा. वेग सहा भागांतला एक कमी झाला की सूर तीन अर्धस्वरांहून (काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांहून) किंचित जास्त उतरतो. काळी एकमध्ये गाणारा गवई तुमच्या घरी काळी पाचच्याही जरासा खाली गातोय, आणि वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालतेय.