राजांगणातला आठवा खांब

प्रश्न : फोंडा तालुक्यात आमचे जुने चौसोपी घर आहे. राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या मधल्या चौकाच्या, आठ सागवानी नक्षीदार खांबांपैकी एक वाळवीने बुडापासून पोखरला. गावचे च्यारी, म्हणजे सुतार, म्हणतात, नवा घडवायला दीड महिना लागेल. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, स्कॅन करून सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणाऱ्या यंत्रावर, दोन दिवसांत होईल. कुणाचे ऐकू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : चिरंजीवांचे दोन दिवस खरे, पण ते नुसत्या कापण्याचे. आधी शंभरेक फोटो, त्यांवरून संगणकावर आकृती, मग पात्याने कुठून किती खोल जायचे ते ठरवणे, यात आठवडा सहज जातो. आठही खांब बदलायचे असते तर मी मुलाच्या बाजूने बोललो असतो.

स्कॅन शेजारच्या धड खांबाचा घ्या. त्यावरही ऑइलपेंटचे थर असणारच, आणि स्कॅनला रंग कुठे संपतो नि लाकूड कुठे सुरू होते ते कळत नाही. मग नक्षीतली कमळाची पाकळी बटाट्यासारखी उतरते. च्यारींकडून एका पाकळीवरचा रंग खरवडून घ्या आणि तीच प्रमाण धरा.

यंत्राचे पाते गोल फिरते. 6 मिलिमीटरचे पाते आतला कोपरा 3 मिलिमीटर त्रिज्येने गोलच सोडते. बारीक पाते खोल गेले की मोडते. म्हणून शेवटचा कोपरा पटाशीने. तुळईच्या खोबणीत बसणारे खांबाचे टोक, म्हणजे कुसू, तेही च्यारींनाच करू द्या. जुन्या घरातली खोबण काटकोनात असते असे मानणारा माणूस कधी माळ्यावर चढलेला नसतो.

मुलाला रोबोचे वेड असेल तर स्वित्झर्लंडमधल्या फ्लेश गावची गांटेनबाइन वायनरी बघायला सांगा. 2006 मध्ये तिच्या भिंतींच्या सुमारे 20,000 विटा रोबोच्या हाताने रचल्या, प्रत्येक वीट वेगळ्या कोनात वळवून. दुरून भिंतीत द्राक्षे दिसतात. असले काम गवंड्याला सांगितले तर तो थापी टाकून घरी जाईल. तुमच्याकडे मात्र एकच खांब, तोही शेजाऱ्यासारखा हवा.

माझी फजिती ऐका. एका एप्रिलमध्ये मडगावला बहिणीच्या खिडक्यांच्या झडपा मी सीएनसीवर कापून घेतल्या. फट अर्धा मिलिमीटर, आणि ती मी येईल त्याला दाखवत होतो. जुलैत एकही झडप उघडेना. पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. हे मला ठाऊक होते, फक्त आठवले नाही. रंधा मारायला आलेले च्यारी आठवडाभर मला ‘इंजिनिअरबाब’ म्हणत होते.

तेव्हा नक्षी यंत्रावर खडबडीत उतरवा, 2 मिलिमीटर लाकूड जादा ठेवून, पुढचे च्यारींकडे. दीड महिन्याचे तीन आठवडे होतील, मजुरी मात्र घासाघीस न करता द्या. पाडलेल्या घराचे सागवान घेतलेत तर आधी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा असला तर पाते गेलेच. आणि हे सगळे नंतर. तुळईला आजच दोन्ही बाजूंनी टेकू लावा.