भूत राहू दे, सांगतंय कोण ते बघा

प्रश्न: ताई, नमस्कार. मुलगी इंग्रजी साहित्यात एमए करतेय. एक अख्खा पेपर गॉथिक फिक्शनवर आहे, म्हणजे पडके वाडे, पिशाच्चं, खून, डोकं फिरलेली माणसं. मी तिची दोन-तीन पुस्तकं चाळली, घाबरणं सोडाच, जांभया आल्या. दीडदोनशे वर्षं जुने हे लेखक अजून का शिकवतात? नुसतं पूर्वीपासून चालत आलंय म्हणून?

उत्तर: जांभया आल्या हे सरळ लिहिलंत ते आवडलं, मलाही येतात. या प्रकारातली पहिली कादंबरी समजतात ती होरेस वॉलपोलची, 1764 ची. तिच्यात लग्नाच्या दिवशी वरून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि नवरामुलगा त्याखाली चिरडून मरतो! आज हे वाचून हसूच येतं. पण गंमत वेगळीच आहे. पहिल्या आवृत्तीत वॉलपोलने स्वतःचं नावच टाकलं नाही, एका जुन्या घराण्याच्या ग्रंथसंग्रहात इटालियन पुस्तक सापडलं आणि हा त्याचा अनुवाद आहे अशी थाप ठोकून दिली, आणि पुस्तक खपल्यावर पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत कबूल केलं की अहो, मीच लिहिलंय. म्हणजे या प्रकाराची सुरुवातच मुळात खोट्या निवेदकापासून झाली, आणि माझ्या मते हे लेखक शिकवायचं खरं कारण तिथेच आहे. भूत हे निमित्त. गोष्ट कोण सांगतंय, त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा आणि कोणाला तोंडच उघडू दिलेलं नाही, हे त्यांच्याइतकं घोळवून फार कमी जणांनी लिहिलंय.

एडगर ॲलन पोची 'द टेल-टेल हार्ट' घ्या, 1843 ची, जेमतेम चार-पाच पानं. निवेदक पहिल्याच वाक्यापासून आपल्याला पटवतोय की मी वेडा नाही. का वेडा नाही? तर म्हाताऱ्याला मारायच्या आधी सात रात्री तो त्याच्या खोलीचं दार किलकिलं करून आत डोकावायचा, आणि इतक्या सावकाश की नुसतं डोकं आत घालायला त्याला एक तास लागायचा. आणि हे तो पुरावा म्हणून सांगतो! वेड्याला जमेल का एवढं नेटकं काम, असं वर आपल्यालाच विचारतो. भीती त्या खुनाची वाटत नाही हो, त्या तासाभराचा त्याला जो अभिमान वाटतोय ना, त्याची वाटते. एखादा माणूस स्वतःची बाजू मांडता मांडता स्वतःलाच कसा उघडा पाडतो हे बघायला मला तरी याहून चांगला नमुना माहीत नाही.

मेरी शेलीचं तर विचारूच नका. 1816 च्या उन्हाळ्यात जिनिव्हाजवळ तिने 'फ्रँकेन्स्टाइन' लिहायला घेतलं तेव्हा ती 18 वर्षांची होती, आणि 1818 मध्ये पुस्तक आलं ते लेखिकेच्या नावाशिवाय. आपण फ्रँकेन्स्टाइन म्हणतो ते त्या राक्षसाचं नाव नाहीच, ते त्याला बनवणाऱ्याचं, त्या बिचाऱ्याला नावच दिलेलं नाही. पण मेरीने कादंबरीच्या बरोब्बर मध्यात त्याला बोलायला लावलंय. तो एका घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो, भिंतीच्या फटीतून त्या लोकांना बघत बघत भाषा शिकतो, रात्री त्यांच्यासाठी गुपचूप लाकडं आणून ठेवतो, आणि त्यांना वाटतं कोणीतरी पुण्यात्मा करतोय हे. मग एक दिवस हिंमत करून घरातल्या आंधळ्या आजोबांशी बोलायला आत जातो. ते छान बोलतात, कारण त्यांना तो दिसत नाही. तेवढ्यात मुलगा येतो आणि काठीने झोडपतो. हे पान वाचल्यावर राक्षस कोण हा प्रश्न वर्गात कोणी विचारावाच लागत नाही, पोरं आपापसातच भांडायला लागतात.

'ड्रॅक्युला'मध्ये (1897) उलटा प्रकार. ब्रॅम स्टोकरने सगळी कादंबरी डायऱ्या, पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं यांतून रचलीये, डॉक्टरसाहेब तर फोनोग्राफवर डायरी बोलतात, सगळ्यांना आपापली बाजू सांगायला पानं मिळतात, फक्त ज्याच्या नावाने पुस्तक आहे त्याची डायरी कुठेच नाही. आणि शेवटी तीच मंडळी कबूल करतात की आमच्याकडे अस्सल कागद असा जवळपास एकही उरला नाही, आहे तो टाइप केलेला ढीग. म्हणजे चारशेएक पानं वाचून झाल्यावर!

प्रश्न: पो स्वतःच दारुडा आणि अर्धवट होता, म्हणून असलं लिहायचा असं ऐकलंय. खरं का?

उत्तर: प्यायचा, आणि त्याला दारू सोसायचीही नाही, ते खरं आहे. पण डोक्यावर परिणाम झालेला सैतान वगैरे जे चित्र आहे ते बरंचसं रूफस ग्रिझवोल्ड या गृहस्थांची कृपा. पो 7 ऑक्टोबर 1849 ला गेला आणि दोन दिवसांत यांनी टोपणनावाने एक खवचट मृत्युलेख छापून आणला. एवढ्यावर थांबले नाहीत, पोच्या साहित्याचं संपादनही यांच्याच हाती आलं, त्यात चरित्र लिहिलं आणि पोच्या पत्रांमध्ये स्वतःची वाक्यं घुसडली. पुढे मूळ पत्रांशी ताडून पाहिलं तेव्हा बिंग फुटलं. म्हणजे खोट्या निवेदकांच्या गोष्टी लिहिणाऱ्याला मेल्यावर निवेदक भेटला तोही असा. आणि अहो, दारूच्या तारेत 'टेल-टेल हार्ट'सारखी गोष्ट होत नाही, एकेक वाक्य मोजूनमापून बसवलंय तिथे.

प्रश्न: मला पुन्हा एकदा प्रयत्न करायचाय, सुरुवात कुठून करू?

उत्तर: वॉलपोलपासून मुळीच नको. आधी पोची वरची गोष्ट, मग शार्लट पर्किन्स गिल्मनची 'द यलो वॉलपेपर' (1892). बाळंतपणानंतर मन आजारी पडलेली बाई, डॉक्टर नवरा, आराम कर आणि लिहू नकोस असा त्याचा हुकूम, आणि ती चोरून लिहितेय तीच ही गोष्ट. गिल्मनवर स्वतःवर एका डॉक्टरने असली रेस्ट क्युअर, म्हणजे सक्तीचा आराम, लादली होती, आणि गोष्ट छापून आल्यावर तिने ती त्या डॉक्टरला पाठवलीसुद्धा. एका बैठकीत होते, रात्री मात्र वाचू नका. तिसरं 'फ्रँकेन्स्टाइन', सुरुवातीची जहाजावरची पत्रं कंटाळवाणी आहेत, रेटा. ॲन रॅडक्लिफची 'उडॉल्फो' (1794) सगळ्यात शेवटी, कारण तिथे नायिका एक काळा पडदा बाजूला करून बेशुद्ध पडते आणि मागे काय होतं हे बाई शेकडो पानं सांगतच नाहीत. मीही सांगणार नाही.