पेन ईई-२ कॅमेरा घेतलात? रोल घालण्याआधी हे तपासा

जुन्या बाजारातून आणलेल्या ऑलिंपस पेन ईई-२ या फिल्म कॅमेऱ्यात लगेच रोल भरू नका. भिंगावरची रिंग ऑटोवर ठेवा, मागचं चाक फिरवा, भिंगाभोवतीचा सेलेनियम सेल (प्रकाश मोजणारा भाग) तळव्याने पूर्ण झाका आणि बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर यायला हवी, शटर अडायला हवं. भर उन्हातही पट्टी आली, तर बहुधा सेल गेलाय. बॅटरी शोधू नका, यात ती नसतेच. तरी कॅमेरा बाद नाही. रिंग एफ २२ वर, म्हणजे भिंगाच्या सर्वात लहान छिद्रावर ठेवली की शटर १/४० सेकंदाला चालतं. पुण्याच्या दुपारच्या उन्हात २०० आयएसओच्या रंगीत निगेटिव्हवर साधारण सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जादा प्रकाश पडेल, तो रोल आरामात पचवतो. मागच्या झाकणाचा, प्रकाश अडवणारा फोम चिकट झाला असेल तर बदलाच. बुरशीसाठी भिंगावर तिरका टॉर्च मारा.