अर्धवट गेमांचं फोल्डर

निपाणीच्या एक वहिनी लेस्टरहून लिहितात: "पोरगा पंधरा वर्षांचा झाला ताई. शाळेतनं आला की कॉम्प्युटरला चिकटतो. विचारलं तर म्हणतो, मी गेम बनवणार. खेळून कुणाचं पोट भरलंय काय ओ?"

भरलंय वहिनी, पण नुसतं खेळून नव्हे. डेमिस हसाबिस सतराव्या वर्षी 'थीम पार्क' या गेमवर काम करत होता. 1994 ला तो गेम आला, 2010 ला त्यानं साथीदारांसह डीपमाइंड ही कृत्रिम बुद्धिमत्तेची (एआय) कंपनी काढली आणि 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला विभागून मिळालं. सगळ्यांचं असं होत नाही, ते सोडा. तुमच्याच पत्रात शेवटी ताजा कलम आहे: "पाच-सहा गेम करायला घेतले, एकही पुरा नाही." अहो, काळजी करायची ती याची! माझ्या भाच्याकडंही अर्धवट गेमांचं असंच फोल्डर होतं. नोकरीच्या मुलाखतीत विचारणा झाली ती पुऱ्या केलेल्या एकुलत्या एक गेमची.

तेव्हा त्याला मोठ्या जगाचा, ड्रॅगनचा गेम बाजूला ठेवायला सांगा. एक फळी, एक चेंडू, 40 विटा; फळीनं चेंडू उडवून विटा फोडायच्या, बस्स. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. प्रोजेक्ट उघडतानाच रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, 'कंपॅटिबिलिटी' निवडायचा, कारण पुढं गेम ब्राउझरवर चालवायचा आहे आणि तिथं दुसरे चालत नाहीत.

पहिलं अडेल ते वेगाशी. पोरं लिहितात, दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, फळी 4 पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) सरकव. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणाऱ्या, पडद्यावर ती सेकंदाला 240 पिक्सेल जाते, मित्राच्या 144 हर्ट्झच्या पडद्यावर 576. गेम खेळण्याजोगा राहत नाही. वेग सेकंदाच्या हिशोबात लिहून 'डेल्टा'नं, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेनं, गुणायचा. दुसरं, चेंडू विटेतून आरपार जाणं. वीट 16 पिक्सेल जाड आणि चेंडूचा वेग सेकंदाला 1200 पिक्सेल असेल, तर सेकंदाला 60 फ्रेम धरून तो एका फ्रेममध्ये 20 पिक्सेल उडी मारतो; वीट मधल्या मधे राहते. चेंडूची जागा थेट बदलण्याऐवजी गोडोतलं 'मूव्ह अँड कोलाइड' हे फंक्शन वापरलं की सबंध वाट तपासली जाते.

इथवर मजा असते. पोरं सोडून देतात ती यापुढं: सुरुवातीचा मेनू, पॉज, आवाज, गुण, हरल्यावर परत सुरू करायचं बटण. हे कंटाळवाणं काम पुरं करून घ्या, वहिनी. रागवायचं तर इथं रागवा, खेळण्यावरून नको. मग वेबसाठी एक्सपोर्ट करून 'इच डॉट आयओ' या गेम ठेवायच्या वेबसाइटवर चढवायचा, पैसे पडत नाहीत. चढवायच्या झिपमध्ये, म्हणजे सगळ्या फाइलींच्या एका गाठोड्यात, मुख्य फाइलचं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल'च हवं, नाहीतर पान उघडतं पण गेम नाही.

त्याची लिंक निपाणीच्या चुलतभावाला पाठवा. तो साध्या फोनवर उघडेल आणि पहिल्याच मिनिटाला ओरडेल, "दादा, फळी हलंना की!" हलणार कशी, गेम बाणांच्या कळांवर, फोनला कळा कुठं? व्हिडिओ कॉलवर चुलतभाऊ खेळताना आपल्या पोरानं तोंड मिटून बसायचं आणि कुठं अडतो ते वहीत लिहायचं. टेस्टिंग म्हणजे हेच, आणि गेम कंपन्यांत याची वेगळी नोकरी असते.

बाकीचं पटकन. सोळाव्या वर्षी ए लेव्हलला विषय निवडताना गणित सोडू देऊ नका. चेंडू विटेवरून परतण्याचा कोन व्हेक्टरनंच, म्हणजे दिशा आणि मोजमाप दोन्ही सांगणाऱ्या गणितानं, निघतो. तुमच्या मिस्टरांना पोरगा बेळगावला इंजिनिअरिंगला हवाय. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं, मुख्यालय तिथंच आहे, कॉम्प्युटर सायन्स करायला काही हरकत नाही. पण स्कॉटलंडमधल्या डंडीच्या ॲबर्टे विद्यापीठात 1997 पासून कॉम्प्युटर गेमची पदवी आहे, तिकडचा खर्च विचारल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. डोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. आज्जी फोनवर कुरकुरतात म्हणता, त्यांनाही लिंक पाठवा.

आणि पोरगा म्हणेल, गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, टाकूया. तिथं प्रत्येक गेमला 100 डॉलर भरावे लागतात. विटांच्या गेमसाठी देऊ नका.