घोडीचं तोंड कोंबड्यांच्या पोत्यात: आलेल्या प्रश्नांना उत्तरं

शेतकरी बंधू-भगिनींनो,

तुळशीची लग्नं उरकली की आमच्याकडे हरभरा-गव्हाचे प्रश्न सुरू होतात. यंदा त्यांच्या जोडीला घोड्यांचे आणि कोंबड्यांचेही आलेत. पंचायत समितीत शेती आणि पशुसंवर्धनाची दारं शेजारीशेजारी असल्यामुळे एकाचा अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर जाणं नवीन नाही. चारा, खाद्य, जागा आणि खत याबद्दल मी सांगतो. औषधाची मात्रा पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवा. जनावर अत्यवस्थ असेल तर हे वाचत बसू नका, आधी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन लावा.

मुळशीहून एका शेतकऱ्यानं लिहिलंय, "मुलांच्या हौसेला घोडी घेतली. परसात पंचवीसेक गिरिराज कोंबड्या आहेत, त्या दिवसभर तबेल्यातच असतात. परवा रात्री घोडीनं दावं तोडलं, पिल्लांच्या खाद्याचं पोतं फाडलं आणि अर्ध घमेलं तरी खाल्लं. सकाळी ठीक दिसली. काळजीचं काही आहे का?"

आहे, आणि मोठं आहे. म्हणून याच उत्तराला आज जास्त जागा देतो.

पिल्लांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून तयार खाद्यात बऱ्याचदा मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळलेली असतात. ब्रॉयलरच्या आणि वाढत्या पिल्लांच्या खाद्यात ती हमखास सापडतात. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात सहसा नसतात. कोंबडीला ती सोसतात, घोड्याला मात्र तीच विषासारखी बाधतात. घोड्याचं शरीर ही औषधं लवकर बाहेर टाकू शकत नाही आणि त्यांचा घाव थेट हृदयाच्या आणि पायांच्या स्नायूंवर बसतो. मोनेन्सिनचं सांगायचं तर दर किलो वजनाला २ ते ३ मिलिग्रॅम एवढी मात्रा घोड्याच्या जिवावर बेतू शकते. आपल्याकडची ३०० किलोची घोडी धरली तर हे ६०० ते ९०० मिलिग्रॅम होतात. पिल्लांच्या खाद्यात किलोमागे साधारण १०० ते १२० मिलिग्रॅम मोनेन्सिन असतं, म्हणजे पाच-सहा किलो खाद्य पोटात गेलं की जीव धोक्यात. सॅलिनोमायसिन तर याहून कमी मात्रेत भोवतं. आणि जे घरी खाद्य भरडून औषधाची भुकटी वरून मिसळतात, त्यांच्याकडे २० टक्के मोनेन्सिनची भुकटी असेल तर तिचे तीन-चार ग्रॅमही पुरेसे आहेत. सांडलेली भुकटी झाडून चंदीच्या, म्हणजे घोड्याच्या दाण्याच्या, डब्यापाशी ढकलणारा गडी मी पाहिलाय, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

"सकाळी ठीक दिसली" यावर विसंबू नका. लक्षणं कधी बारा तासांत दिसतात, कधी दोन-तीन दिवसांनी. घोडी चंदीला तोंड लावत नाही, घाम फुटतो, पोट दुखल्यासारखी कुशीकडे वळून वळून पाहते, मागचे पाय लटपटतात, लघवी काळपट तांबडी होते. नाडी पाहायची असेल तर जबड्याच्या हाडाखाली, जिथे धमनी हाडावरून वळते, तिथे दोन बोटं हलकी टेकवा. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. उभ्याउभ्या ६०च्या वर जात असेल किंवा ठोके अडखळत असतील तर डॉक्टरांना ते आकडे फोनवरच सांगा.

यावर उतारा नाही. खाल्ल्यावर पहिल्या काही तासांत डॉक्टर नाकातून नळी घालून पोट धुतात, कोळशाची भुकटी देतात, त्यानं विष पोटातून रक्तात जाणं कमी होतं. तुम्ही घरी बाटलीनं तेल किंवा ताक पाजू नका. घोड्याला उलटी करता येत नाही आणि जबरदस्तीनं पाजलेलं फुप्फुसात उतरलं तर दुसरंच दुखणं मागे लागतं. पोत्यावरचं लेबल फाटलं असलं तरी तुकडे गोळा करून ठेवा, औषधाचं नाव त्यावरच मिळेल. आणि सर्वात महत्त्वाचं, घोडीला पळवू नका, गाडीला जुंपू नका, मुलांना वर बसवू नका. वरवर बरी झालेली घोडी पुढे कित्येक आठवड्यांनी दौडताना हृदय बंद पडून कोसळू शकते. रक्ताची तपासणी आणि हृदयाचा आलेख पाहून डॉक्टर सांगतील तोवर सक्तीचा आराम.

लेबलवर असलं कुठलंही औषध निघालं नाही, तरी सुटलात असं समजू नका. भरडलेला मका एकदम पोटभर खाल्ला तर पोटशूळ उठतो आणि दोन-तीन दिवसांत खूर सुजतात. घोडी पुढचे पाय लांब टाकून टाचांवर भार घेते, खुराला हात लावला तर गरम लागतो, गोठ्यात वळतानाही ती जागच्या जागी अवघडते. तेव्हाही डॉक्टरांना बोलावलंच पाहिजे.

म्हणून सगळ्यांनाच सांगतो: घोडा आणि कोंबड्या एका आवारात खुशाल ठेवा, पण चंदी आणि कोंबडीखाद्य एका खोलीत ठेवू नका. कोंबडीखाद्य झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात आणि पिंप कुलपात. घमेलं वेगळं, मापही वेगळं. भरडा काढून आणत असाल तर आधी चंदीचा काढा आणि मग कोंबड्यांचा, कारण यंत्रात मागचं शिल्लक राहतंच. गाई-म्हशींच्या काही तयार खाद्यांतही मोनेन्सिन असतं, तेव्हा गाईचं उरलेलं घोड्याला टाकायची सवय सोडा.

कोंबड्या तबेल्यात फिरण्याबद्दल माझं मत चांगलं आहे. त्या लीद उकरतात, माश्यांच्या अळ्या आणि गोचीड वेचतात, सांडलेला हरभरा वाया जात नाही. घोडीही त्यांच्या वावराला सरावते आणि एरवी मागून काही हललं की दचकणारं जनावर जरा निवांत होतं. फक्त रात्री बसायची दांडी गव्हाणीच्या आणि पाण्याच्या वर नको. विष्ठा चाऱ्यात पडली की पोटाचे आजार आले. शिवाय खुराड्यात तांबड्या पिसवांसारखे बारीक किडे असतात. ते दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री बाहेर पडतात. घोडी रात्रभर पाय आपटत असेल तर काळोखात बॅटरी घेऊन दांडीच्या खालची बाजू पाहा. राखी किंवा रक्त प्यायलेले लाल ठिपके हलताना दिसले तर खुराडं तबेल्यापासून हलवा आणि फटी आतून बाहेरून स्वच्छ करून चुना फिरवा.

खेडचा प्रश्न बैलगाडा शर्यतीच्या घोडीचा आहे. आपल्या भागात घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळते, त्यामुळे ती लाडाची. लिहिणाऱ्यांनी तिला भरपूर हत्ती गवत आणि गव्हाचा कोंडा सुरू ठेवलाय. "तब्येत चांगली, पण पाय धरते, आणि डोळ्यांखाली चेहरा दोन्ही बाजूंनी फुगल्यासारखा दिसतो."

हा बहुतेक खुराकाचाच परिणाम आहे. संकरित नेपिअर, म्हणजे आपलं हत्ती गवत, आणि उसाचं वाढं यांत ऑक्झलेट जास्त असतं. गाय-म्हशीच्या पोटातले जिवाणू ते बरंचसं फोडतात. घोड्याच्या पोटात ते चाऱ्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, धरून ठेवतं आणि जनावराला मिळू देत नाही. त्यातून कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट. शरीर मग हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. चेहऱ्याची हाडं फुगतात, दात हलतात, घास चावताना अर्धवट टाकला जातो आणि पाय धरतात. अशा घोडीला घाटात पळवणं म्हणजे हाड मोडायची वाट पाहणं. शर्यती तूर्तास बंद. कोंडा बंद, हत्ती गवत बंद. वाळलेलं डोंगरी गवत किंवा कडबा आणि रोज थोडा लसूणघास द्या, लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. चुनखडीची भुकटी किती द्यायची ते डॉक्टर वजनावरून सांगतील. हाडं भरून यायला महिने लागतात आणि चेहऱ्याची सूज पूर्ण उतरेलच असं नाही.

चाऱ्याचा अंदाज सगळ्यांसाठी: ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला सहा-सात किलो वाळला चारा, काम असेल त्याप्रमाणे दीड-दोन किलो चंदी दोन-तीन वेळांत वाटून, मूठभर मीठ नाही पण दोन चमचे तरी, आणि २५ ते ३० लिटर पाणी. पावसात भिजून काळी पडलेली मक्याची कणसं किंवा बुरशी आलेला कडबा घोड्याला अजिबात नको. बुरशीच्या मक्यानं घोड्याचा मेंदू बिघडतो. कोवळी हिरवी ज्वारीही नको.

पुरंदरच्या एका ताईंनी विचारलंय, "दहा गावरान कोंबड्या, दिवाळीपासून अंडी जवळपास बंद, पिसं झडतायत. शेजारच्या म्हणतात नजर लागली."

ताई, नजरेचा इथे काही संबंध नाही. या दिवसांत जुनी पिसं टाकून नवी येतात आणि त्यात दोन-तीन महिने जातात. त्यातच मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा, तर अंडी नियमित यायला चौदा तास उजेड लागतो. पहाटे खुराड्यात बारीक दिवा लावून तो भरून काढता येतो. पण दहा कोंबड्यांसाठी मी असं सुचवणार नाही. त्यांना विश्रांती घेऊ द्या, शेंगदाणा पेंड आणि शिंपल्यांचा चुरा द्या. पिसं मानेपासून मागे क्रमानं झडत असतील तर काळजी नाही. फक्त गुदद्वाराभोवती उघडं पडलं असेल आणि कातडी लाल असेल तर तिथे उवा शोधा. कोंबड्यांपैकी एखादी खुडूक बसली तर दहा-बारा अंड्यांवर बसवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं. गिरिराजची अंडीही चालतील, त्या स्वतः खुडूक फार बसत नाहीत.

मान वाकडी होणं, हिरवी हगवण, एका रात्रीत दोन-तीन मेलेल्या, ही मात्र मानमोडी. त्यावर औषध नाही, लसच. पहिल्या आठवड्यात लासोटा ही लस डोळ्यात थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी ही लस टोचून. लस औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते, तुम्हाला ती जवळच्या दवाखान्यात मिळेल. अडचण अशी की कुपी निदान शंभर कोंबड्यांची, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या सगळ्या बायकांनी एकच दिवस ठरवा, उन्हाआधी, लस बर्फात आणून. उरलेली दुसऱ्या दिवशी वापरलेली लस पाण्यासारखीच.

बारामतीच्या तरुणाला दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या बाजारातून वरातीसाठी घोडा आणायचाय. घोड्याची किंमत हा खर्चाचा छोटा भाग असतो, वर्षभराचा चारा, चंदी आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाची फेरी यांचा हिशोब आधी मांडा. लग्नं मोजक्याच महिन्यांत असतात, घोडा बारा महिने खातो. बाजारात घोडा कठीण जमिनीवर चालवून पाहा, फक्त सजवलेला पाहू नका. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्त तपासणी नकारात्मक असल्याचा कागद मागा. नाकातून चिकट स्राव, पायांवर किंवा मानेवर गाठी फुटलेल्या दिसल्या तर हातही लावू नका. हा रोग माणसालाही होतो आणि २००९ च्या कायद्यानं तो कळवणं बंधनकारक आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते. घरी आणल्यावर इतर जनावरांपासून काही आठवडे वेगळा बांधा आणि धनुर्वाताची लस लगेच टोचून घ्या. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, खुरात खिळा रुतला तरी पुरतो. उंच, झगमगीत जनावराचा हट्ट नसेल तर धनगरांच्या कळपात भीमथडी शोधा. दख्खनच्या माळावर ओझं वाहून तावून सुलाखून निघालेली ही जात कमी चाऱ्यावर राहते, आणि तिला आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदही मिळाली आहे.

शेवटचा प्रश्न शिरूरचा: लीद आणि कोंबडखत एकत्र टाकलं तर चालेल का? चालेल, उत्तम होईल. लिदीत काडी-कचरा जास्त, कोंबडखतात नत्र जास्त. लिदीचा वीतभर थर, वर कोंबडखत चार बोटं, असे थर देऊन ओलसर ठेवा आणि पंधरा-वीस दिवसांनी पलटा. दोन-अडीच महिन्यांत ढीग थंड होतो, तोवर शेतात नेऊ नका. ताजं कोंबडखत भाजीच्या मुळांशी टाकलं की रोप जळतं. लिदीत धनुर्वाताचे जिवाणू असतात, तेव्हा ढिगावर अनवाणी पाय देऊ नका. आणि मेलेली कोंबडी त्या ढिगात टाकू नका, कुजलेल्या मांसातलं विष चाऱ्यात उतरलं तर घोडा लुळा पडतो. तिच्यासाठी वेगळा हातभर खड्डा आणि वर चुना.