पॅड घासू नका, खाच तपासा

प्रश्न : माझ्याकडे 2008 ची सेकंडहँड पोर्शे बॉक्सस्टर एस आहे. राहतो पणजीत, नदीच्या अगदी जवळ. जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये कव्हर घालून उभी असते. दोन पावसाळ्यांपूर्वी गाडी बाहेर काढली तेव्हा पुढचं डावं चाक तापू लागलं, करपल्याचा वास येऊ लागला. मेकॅनिकने ब्रेकचे पॅड हातोडीने ठोकून बाहेर काढले. नवे पॅड आणले तर ते कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागात, बसेनात, म्हणून त्याने पॅडचे दोन्ही कान (बाजूची टोकं) कानशीने घासून बसवले. वर्षभर ठीक चाललं. आता पुन्हा तेच. तो म्हणतो, दोन्ही कॅलिपर बदला. खर्च ऐकून झोप उडाली आहे. खरंच बदलावे लागतील का?
— एक डॉक्टर, पणजी

उत्तर : डॉक्टर, तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य एकच आहे : "नवे पॅड बसेनात." चाक तापायला कारणं बरीच असतात, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण त्याच गाडीसाठी बनवलेला, बरोबर पार्ट नंबरचा कोरा पॅड जर आत जात नसेल, तर पॅड मोठा झालेला नाही, कॅलिपरमधली त्याची खाच लहान झाली आहे. तुमच्या मेकॅनिकने उपाय नेमका उलट्या बाजूला केला. आमच्या कोल्हापुरातही हीच सवय दिसते. वस्तू अडली की कानस काढायची.

खाच लहान कशी होते ते सांगतो. तुमच्या गाडीला पुढे चार पिस्टनचे (पिस्टन म्हणजे पॅड रेटणारा दट्ट्या), अल्युमिनियमचे, लाल रंगाचे कॅलिपर आहेत. पॅड ज्या दोन टोकांना टेकून मागेपुढे सरकतो, तिथे अल्युमिनियमवर स्टेनलेस स्टीलच्या पातळ पट्ट्या बारीक स्क्रूंनी बसवलेल्या असतात. अल्युमिनियम मऊ, पॅडची मागची प्लेट लोखंडी. पट्टी नसती तर पॅडने कॅलिपरला खड्डे पाडले असते. पण स्टेनलेस आणि अल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल शिरली, की अल्युमिनियम गंजतं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. मग भिंतीला ओल लागून रंगाचा पोपडा फुगतो तशी ती पट्टी आतून वर उचलली जाते. मिलिमीटरचा काही भाग पुरतो. पॅड दोन्हीकडून आवळला जातो.

आणि इथे एक गोष्ट बऱ्याच मेकॅनिकांनाही ठाऊक नसते. तुम्ही पेडलवरून पाय काढता तेव्हा पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग आत कुठेही नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील ब्रेक दाबताना किंचित पिळलं जातं आणि पाय काढल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. बस्स, तेवढंच. त्या केसभर ताकदीला आवळलेला पॅड सोडवता येत नाही. तो डिस्कला घासत राहतो.

कान घासल्याने वर्षभर चाललं ते यामुळेच : आवळलेल्या खाचेत बसेल इतका पॅड बारीक झाला. पण पट्टीखालची भुकटी काही थांबली नाही. वर पॅडच्या प्लेटवरचा रंग घासून निघाला, त्यामुळे आता प्लेटही गंजणार.

कामाला हात घालण्याआधी एक खात्री करून घ्या. गाडी थोडी फिरवून चाक तापू द्या, मग सपाट जागी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा. चाक हाताने फिरेना, तर त्या कॅलिपरचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ब्रेक ऑईल बाहेर सोडायची बारीक तोटी, सैल करा. ऑईल तापलेलं असतं, हातमोजे आणि चष्मा हवाच. ऑईलची चिळकांडी उडून चाक एकदम मोकळं झालं, तर दाब आत अडकलेला आहे. ऑईलची रबरी होज (नळी) आतून सुजली असेल किंवा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑईलला दाब देणारा भाग, परतीची वाट सोडत नसेल. निपल उघडूनही चाक तसंच घट्ट राहिलं, तर दोष पॅडच्या खाचेत किंवा पिस्टनमध्ये. तुमच्या बाबतीत हा दुसरा निकाल येईल असा माझा अंदाज आहे. पण या पाच मिनिटांच्या तपासणीशिवाय कोणी कॅलिपर बदला म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता पॅड बाहेर काढणं. हातोडी नको. या गाड्यांत पिस्टनच्या पोकळीत आवाज दाबणारे डँपर बसवलेले असतात आणि त्यांचा चिकट चेहरा पॅडच्या पाठीला डकवलेला असतो. म्हणजे पॅड खाचेत आवळलेला, शिवाय पाठीमागून पिस्टनला चिकटलेला. वरून ठोकलं की ताण पिस्टनवर आणि धूळ अडवणाऱ्या त्याच्या रबरावर जातो. आधी पॅड झिजल्याचं सांगणाऱ्या सेन्सरची वायर अलगद सोडवा. तिचं प्लास्टिक जुनं झालं की बिस्किटासारखं तुटतं. मग पिन आणि स्प्रिंग काढा. रिझर्व्हॉयरमधलं (ब्रेक ऑईलच्या डब्यातलं) थोडं ऑईल सिरिंजने उपसून ठेवा. पिस्टन मागे गेले की ते वर चढतं, आणि ब्रेक ऑईल रंगावर सांडलं की रंग गेलाच. नंतर डिस्क आणि पॅडच्या मध्ये रुंद, चपटी पट्टी घालून पॅड सावकाश मागे रेटा, पिस्टन आत जाऊ द्या. पुढे पॅड आणि पिस्टनच्या मध्ये पुट्टीची पातळ पात घालून चिकटलेला डँपर सोडवा. मग पॅड वर ओढा. एक पिस्टन आत रेटला की बाकीचे बाहेर येऊ पाहतात, म्हणून समोरच्या बाजूला लाकडाचा तुकडा अडकवून ठेवा.

पॅड निघाला की टॉर्च घेऊन पट्टीच्या कडेला बघा. पट्टी आणि कॅलिपरच्या फटीत पांढरी रेघ दिसेल. नखाने खरवडली तर पिठासारखी झडते. तीच तुमची व्याधी.

इलाज असा : पट्ट्यांचे स्क्रू काढायचे. ते हट्टी असतात, थोडी ऊब द्यावी लागते. एखादा तुटलाच तर ड्रिल मशीन स्वतः उचलू नका, वेर्ण्याला औद्योगिक वसाहतीत हात बसलेला मशिनिस्ट शोधा. पट्टीखालची भुकटी खरवडून, बारीक पॉलिश पेपरने चकचकीत धातू लागेपर्यंत साफ करा. भुकटी काढायची आहे, अल्युमिनियम नाही. स्क्रूची भोकंही साफ करा. पट्ट्या आणि स्क्रू नवेच घ्या. मग कोरा, न घासलेला पॅड हाताने सरकवून बघा. बोटाच्या जोराने गेला आणि आला, तर काम झालं. पॅडच्या कानांना सिरॅमिक पेस्टचा अगदी पातळ हात द्या. तांब्याचं ग्रीस अल्युमिनियमवर मी लावू देत नाही, दोन धातूंच्या भांडणात तिसरा कशाला? आणि साधं ग्रीस किंवा इंजिन ऑईल ब्रेकच्या रबराजवळ फिरकूही देऊ नका. रबर फुगतं.

पिस्टन मागे जाताना एखादा अडला, त्याचं धुळीचं रबर फाटलं असलं, तर सील किटने कॅलिपर पुन्हा बांधता येतो. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील तर तो पिस्टन बाद. अशाने अख्खा कॅलिपर बदलायची वेळ क्वचितच येते. उजवी बाजूही उघडा. गंजण्यात ती फक्त थोडी मागे आहे.

तापलेल्या चाकाचं ऑईलही उकळीच्या जवळ गेलेलं असतं, ते बदला. डॉट 4 या दर्जाचं कोरं ब्रेक ऑईल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं. त्याने ओल शोषली की मानकातली मर्यादा 155 वर येते. तुमच्या हवेत दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवू नका. डिस्कवर निळे डाग आहेत का बघा, तिची जाडी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. चाकाचे बोल्ट 130 न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने.

हे सगळं होईपर्यंत चोर्ला घाट उतरायचा नाही. पॅड धरलेल्या गाडीत उतारावर ऑईल उकळलं की पेडल सरळ तळाला जातं.

प्रश्न : माझ्या पोलो जीटीआयचे मागचे पॅड बदलताना पिस्टन सी-क्लॅम्पने दाबूनही आत जात नाही. जाम झाला म्हणायचं का?
— नाशिक

उत्तर : क्लॅम्प आधी काढा, नाहीतर खरंच जाम कराल. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा आहे, त्यामुळे तो पिस्टन दाबता दाबता फिरवावा लागतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. त्याच्या तोंडावर खाचा असतात, त्यासाठीचं हत्यार बाजारात मिळतं. हँडब्रेक पूर्ण सोडलेला असू द्या. हात घातलाच आहे तर सरकपिनाही, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिना, बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर पिना कोरड्या पडल्या आहेत. त्या पुसून सिलिकॉनचं ग्रीस लावा, रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदला.

प्रश्न : रात्री गाडी धुतली की सकाळी निघताना चाकातून "टक्" असा मोठा आवाज येतो. काळजीचं कारण आहे?
— ठाणे

उत्तर : नाही. ओल्या डिस्कवर रात्रीत गंज चढतो आणि पॅड तिला धरून बसतो, गाडी हलली की सुटतो. धुतल्यावर एक चक्कर मारून, दोन-चार वेळा ब्रेक दाबून डिस्क वाळवा आणि मग उभी करा. महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा, हँडब्रेक ओढू नका. प्लास्टिकचं कव्हर मात्र घालू नका, ते ओल आतच कोंडतं.